उभ्यानं घेतलेलं माप

प्रज्ञा खाली बसली आणि टर्रकन आवाज आला.

कपडे शिवणाऱ्याला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. शिलाई उसवते तेव्हा तडतड असा आवाज येतो, एकेक टाका सुटत जातो. त्याला कुणी घाबरत नाही, परत मशीन मारली की झालं. कापड फाटतं तेव्हा मात्र एकच लांब आवाज येतो. हा लांब होता.

आमच्या ड्रेपरीच्या माळ्यावर त्या वेळी आम्ही चौघी होतो. प्रज्ञा, वय सतरा. तिची आई, कांबळे सिस्टर, जयसिंगपूरला नर्स होत्या. तिला भरतनाट्यम शिकवणाऱ्या वसंताअक्का. आणि मी, जिनं तो ड्रेस कापला आणि शिवला होता. फाटलं ते कापड म्हणजे सिस्टरांची लग्नातली साडी. रविवारी प्रज्ञाचं अरंगेत्रम् होतं, आणि त्या दिवशी मंगळवार होता.

प्रज्ञा तशीच अर्धी खाली बसून राहिली. उठलं तर आणखी फाटेल अशी तिला भीती वाटली असावी.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची. ड्रेपरी म्हणजे नाटक-सिनेमाचे, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणारं दुकान. आता मोबाइलवर बोट दाबलं की मद्रासहून ड्रेस घरी येतो, पण तेव्हा कोल्हापुरात कुणालाही राजा, मावळा, राधा किंवा फुलपाखरू व्हायचं असेल तर आमचा जिना चढावा लागायचा. माळ्यावर दोऱ्यांना अंगरखे टांगलेले, खाली पत्र्याच्या ट्रंका, सगळीकडं डांबराच्या गोळ्यांचा वास. जानेवारीत गॅदरिंगच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसायची. तो वास अजून कुठं आला की मी पाच मिनिटं तिथंच उभी राहते.

मी तिथं कटिंग करायचे. बाई कटिंग करते हे लोकांना पटायचं नाही. गिऱ्हाईक माझ्याकडं बघून विचारायचं, "मास्टर कुठं हायत?" आमचे मालक गल्ल्यावरून न उठता माझ्याकडं बोट दाखवायचे. त्यामुळं मला थोडी घमेंड होती. थोडी म्हणजे बरीच होती. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

अरंगेत्रम् म्हणजे काय ते मलाही तेव्हा नव्यानंच कळलं होतं. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचा तो पहिला एकटीचा कार्यक्रम. सात-आठ वर्षं क्लासमध्ये घाम गाळायचा, मग एक दिवस गुरू म्हणतात, आता लोकांसमोर नाच. सगळा कार्यक्रम एकटीनं, दोन-अडीच तास. तो झाला की मुलगी नर्तकी. प्रज्ञा आठ वर्षं दर शनिवार-रविवार जयसिंगपूरहून एसटीनं क्लासला येत होती. वडील शाळेत मास्तर, त्यांची बदली नेसरीकडं. त्यामुळं पोरीची ने-आण सिस्टर करायच्या, ड्युटीच्या वेळा अदलून-बदलून.

या नाचाचे ड्रेस मद्रासहून यायचे. पण सिस्टर महिन्याभरापूर्वी आमच्याकडं आल्या त्या एक पिशवी घेऊन. पिशवीत जुन्या चादरीत गुंडाळलेली साडी. पांढरी रेशमी, दोन बोटं निळा काठ, काठात जरीची बारीक रेघ.

"ह्याचा ड्रेस शिवायचा," त्या म्हणाल्या.

सोबत वसंताअक्का होत्या. त्या धारवाडच्या, लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या. मला 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. त्यांचा चेहरा उतरलेला होता. वाटेत दोघींची वादावादी झाली असणार.

"पांढरं नको म्हणतेय मी," अक्का म्हणाल्या. "पहिला कार्यक्रम. लाल पाहिजे, हिरवं पाहिजे. स्टेजवर पोरगी उठून दिसायला पाहिजे."

"अक्का, आमच्या बौद्धांत नवरी पांढरंच नेसते," सिस्टर म्हणाल्या. "मी ह्याच साडीत लग्नाला उभी राहिले. त्यानंतर पांढरं नेसलं ते ड्युटीला. माझ्या पोरीला पांढरं अशुभ कसं होईल?"

सिस्टर मग माझ्याकडं वळल्या. आवाज न चढवता बोलायची त्यांची सवय होती, इंजेक्शन देताना बोलतात तसं.

"हे बघा ताई. दागिने भाड्याचे. गाणारे धारवाडचे. मेकअपवाला सांगलीचा. नाच अक्कांचा. आमचं काय हाय त्यात? अंगावरचं कापड तेवढं आमच्या घरचं असू दे."

आता यावर कोण नाही म्हणेल? अक्का विरघळल्या. "ड्रेस मात्र नीट झाला पाहिजे, तंगी. पंखा उघडला पाहिजे," एवढंच म्हणाल्या आणि नमुना म्हणून एक जुना ड्रेस ठेवून गेल्या.

पंखा म्हणजे दोन पायांच्या मधे बसवलेल्या चुण्या. हा ड्रेस साडीसारखा दिसतो, पण आत शिवलेला पायजमा असतो. पंखा दोन्ही पायांना आतून जोडलेला. नाचणारी उभी असली की चुण्या मिटतात, गुडघे उघडून बसली की पंखा उलगडतो. मी नमुना उलटा करून बघितला, खाकी कागदावर काढून घेतला. त्यात एक गोष्ट मला खटकली. आसन, म्हणजे पायजम्याचा दोन मांड्यांच्या मधला भाग, चांगलंच ढगळ होतं. मला वाटलं, मद्रासच्या शिंप्याला फिटिंग जमत नाही. मी तर लावणीवाल्या पोरींना शिवलेल्या नऊवाऱ्या अशा चापून-चोपून बसवून दिल्या होत्या की सिनेमावाले दुसरीकडं जात नव्हते. मालकांनी विचारलं, "जमंल काय गं शालन?" मी म्हटलं, "त्यात काय हाय?"

प्रज्ञाला उभी केली, माप घेतलं. आसन दोन इंचांनी कमी केलं आणि कात्री चालवली.

तर मंगळवारी ट्रायल. उभी असताना पोरगी काय दिसत होती म्हणून सांगू! अक्कासुद्धा "छान हं" म्हणाल्या. मग त्यांनी टाळी वाजवून सांगितलं, "अर्धमंडल." म्हणजे पावलं बाहेर वळवायची, गुडघे दोन्हीकडं उघडायचे आणि पाठ ताठ ठेवून अर्धं खाली बसायचं. अख्खा नाच याच बैठकीत असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. प्रज्ञा बसली, आणि बाकीचं मी वर सांगितलंच आहे.

मी गुडघ्यावर बसून बघितलं. माझे कान खोटं बोलले नव्हते. शिलाई शाबूत, तिच्या शेजारचं रेशीम वीतभर फाटलेलं. अगदी सरळ रेषेत.

अक्कांनी कपाळाला हात लावला. "अय्यो. आता संपलं. माझ्याकडं लाल ड्रेस आहे, मद्रासचा. रविवारी तो घालेल ती."

प्रज्ञा आईकडं बघत होती. सिस्टरांनी वाकून ते फाटलेलं कापड दोन बोटांत धरलं, जखम बघावी तसं बघितलं आणि सोडून दिलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोरीचा नाच महत्त्वाचा. साडीचं काय एवढं?"

त्या चिडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. एका बाईनं वीस वर्षं जपलेली वस्तू माझ्या हातात दिली होती आणि मी फिटिंगच्या नादात तिची वाट लावली होती.

"अक्का, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

"फाटलेलं काय जोडशील तू? दिसेल की."

"शुक्रवारपर्यंत."

अक्कांनी थोडा विचार केला. "शुक्रवारी संध्याकाळी रिहर्सल आहे, पूर्ण ड्रेसमध्ये. त्यात टिकलं तर पांढरा. नाहीतर लाल. मग मला काही सांगायचं नाही."

त्या गेल्यावर मालक जिना चढून वर आले. खाली सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी ड्रेस हातात घेतला, आसन ताणून बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"शालन, पैलवानाचं माप उभ्यानं घेतीस व्हय गं?"

"आता पैलवान कुठनं आला मधी?"

"आमचा बा तालमीतल्या पोरांचे जांघे शिवायचा. पोरगं आलं की आधी धा बैठका मारायला लावायचा. अकरावीला खाली थांबवायचा आन् मग टेप लावायचा. म्हणायचा, उभं माप फोटो काढायला, कुस्तीला बसकं माप."

"मग हे मला आधी सांगायचं न्हाई का?"

"तू इचारलंस कवा? तू म्हणालीस, त्यात काय हाय."

बरोबरच होतं.

"आन् दुसरं," मालक म्हणाले. त्यांनी ड्रेस खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरला. "हे बघ."

रेशमात उभ्या रेघा दिसत होत्या. केसाएवढ्या बारीक, पण स्पष्ट. वीस वर्षं साडी ट्रंकेत एकाच घडीत पडली होती. रेशीम असं ठेवलं की घडीवर विरतं, तिथला धागा मरतो. वरून कापड नवंकोरं दिसतं, पण जरा ताण आला की घडीवर फाटतं. म्हणून जुनं रेशीम कापायच्या आधी उजेडात धरून बघायचं असतं. ही गोष्ट मला माहीत होती. कामावर लागले त्या वर्षी हेच मालकांनी मला शिकवलं होतं. पण साडी इतकी स्वच्छ, इतकी सुरेख होती की मी ती टेबलावर पसरली आणि सरळ खडूच उचलला. एक घडी नेमकी आसनावर आली होती. बाकीच्या कुठं कुठं आल्या ते मी मोजायलाही घाबरले.

"जमंल काय?" मालकांनी परत विचारलं.

या वेळी मी म्हटलं, "ठाऊक न्हाई."

"हां. आता जमंल," असं म्हणून ते खाली गेले.

बुधवारी सकाळी मी अक्कांच्या क्लासला गेले. प्रज्ञाला बैठकीत बसवलं आणि माप घ्यायला लागले. कमरेपासून खालून मागच्या कमरेपर्यंत टेप धरला, तर उभ्याच्या मापात आणि या मापात साडेतीन इंचांचा फरक! मी त्यातून आणखी दोन इंच खाल्ले होते. फाटेल नाहीतर काय होईल?

मला मापं घ्यायला वेळ लागत होता. मांडीचं, गुडघ्याचं, पंखा उघडतो तिथलं. पोरगी हलली नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, मांड्या थरथरत होत्या. मी म्हटलं, "उठ गं, दम खा जरा." ती म्हणाली, "नको मावशी. उठले की माप बदलंल."

मग मला वाटलं, आपण बसून बघावं. साडी खोचली, पाय वळवले आणि बसले. म्हणजे बसायला गेले. गुडघे कटकट वाजले आणि मी भिंतीला धरून उभी राहिले. क्लासमधल्या बारक्या पोरी खो-खो हसल्या. प्रज्ञाही हसली, मंगळवारपासून पहिल्यांदा.

अक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तंगी, हिला मी आठ वर्षं सांगतेय, खाली बस, आणखी खाली बस. नाच चांगला आहे, पण बसत नाही. आता त्यात ड्रेस फाटायची भीती शिरली तर संपलंच. मग ती उभीच नाचेल. म्हणून मी लाल म्हणते. साडीवर माझा राग नाही."

हे मला आधी कळलं नव्हतं. कापड फाटलं तर लाज जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण पोरीच्या मनात धास्ती बसली तर आठ वर्षांची मेहनत स्टेजवर अर्धीच दिसणार होती. आता दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. ड्रेस टिकला पाहिजे, आणि तो टिकेल असा तिला भरवसा वाटला पाहिजे.

दुपारी सगळा ड्रेस उसवून टेबलावर मांडला. वाढवायला कापड हवं होतं. साडीतलं काही उरलं नव्हतं. उरलं असतं तरी त्याचा उपयोग नव्हता, तेही तसंच विरलेलं. आतून अस्तर लावावं तर दुकानातलं पॉपलीन जाड. त्यानं पंखा फुगला असता, आणि नवं सुती कापड धुतलं-घामेजलं की आटतं. मी कपाटं धुंडाळत होते तेवढ्यात सिस्टर आल्या. ड्युटी संपवून, युनिफॉर्मवरच. त्यांना फाटका ड्रेस परत न्यायचा होता. म्हणाल्या, तुम्ही उगीच जीव काढू नका.

मी त्यांना अडचण सांगितली. मऊ पाहिजे, पातळ पाहिजे, धुऊन धुऊन आटलेलं पाहिजे आणि तरी ताकदीचं पाहिजे.

सिस्टर म्हणाल्या, "एवढंच ना? मग माझ्या ड्युटीच्या साड्या काय वाईट हायत?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यांनी दोन साड्या पाठवल्या. आमच्या चौकातल्या एसटीडी बूथवाल्याकडं कंडक्टरनं आणून दिल्या. तेव्हा अशी कामं होत असत. पांढऱ्या सुती साड्या, शेकडो वेळा धुतलेल्या, हाताला लोण्यासारख्या. मी एक टोक पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढलं. काही झालं नाही.

मग कामाला लागले. रेशमाच्या प्रत्येक तुकड्याच्या मागं सुती कापड लावलं आणि हातानं धावदोरा घातला, म्हणजे बारीक सरळ टाके. मशीनची सुई रेशमाला आणखी भोकं पाडते, म्हणून हातानं. जिथं जिथं घडी तिथं दोन्ही बाजूंनी टाक्यांच्या ओळी. आसनात चौकोनी जोड दिला, तो नुसत्या सुती कापडाचा. पंखा त्याच्यावरून पडतो, त्यामुळं तो दिसायचा प्रश्न नव्हता. रचना अशी, की सगळा ताण आतल्या सुती कापडावर यावा आणि रेशीम फक्त वर बसावं. गुरुवार त्यात गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत बोटांची साल निघाली. मालक दोनदा न मागता चहा घेऊन वर आले. एरवी चहा मागितला तर आधी घड्याळाकडं बघायचे.

शुक्रवारी रिहर्सलला ड्रेस घालताना मी प्रज्ञाला आसनाचा जोड दाखवला. "हे तुझ्या आईच्या ड्युटीच्या साडीचं हाय. मी पाय देऊन ओढून बघितलंय. तुला जेवढं खाली बसायचं तेवढं बस."

तिनं जोडावरून अंगठा फिरवला. "ही तर फाटतच नाही," ती म्हणाली. "आई हिची पायपुसणी करायला बघती, तीबी होत नाहीत."

ती बसली. सगळ्यांचे कान माझ्यासारखेच टवकारलेले. आवाज आला नाही. अक्कांनी तासभर तिला नाचवलं, मुद्दाम सगळ्यात अवघड भाग घेतले. शेवटी लाल ड्रेस पिशवीत घातला, पण म्हणाल्या, "रविवारी घेऊन येते हा. विंगेत टांगून ठेवायचा. मला झोप लागायला पाहिजे."

रविवारी संध्याकाळी थिएटर बऱ्यापैकी भरलं. जयसिंगपूरहून ट्रॅक्स गाड्या भरून माणसं आली होती. दवाखान्यातल्या नर्सा, सिस्टरांचे भाऊबंद, प्रज्ञाच्या वर्गातल्या पोरी. स्टेजच्या कोपऱ्यात अक्कांचा नटराज, शेजारी सिस्टरांनी घरून आणलेली बुद्धाची मूर्ती. अक्कांनी दोन्हींपुढं फूल ठेवलं आणि झांजा घेऊन वादकांत जाऊन बसल्या. मी विंगेत, ब्लाउजला सुया टोचलेल्या, गळ्यात दोऱ्याचं रीळ. माझ्या डोक्यावर लाल ड्रेस टांगलेला.

पडदा उघडला तेव्हा पोरीवर निळसर उजेड होता आणि ती पांढरी साडी त्यात अशी दिसली की मी काही क्षण ती आपण शिवलीय हेच विसरले. पंखा उघडला की निळा काठ अर्धगोल होऊन पसरायचा. पहिल्या दोन रचना झाल्या. मग वर्णम सुरू झालं. ही कार्यक्रमातली सगळ्यात मोठी रचना, पाऊण तास चालणारी. नाचणारीचा कस तिथं लागतो.

त्या वर्णमात मला आवाज आला.

मृदंग जोरात होता. पुढं बसलेल्यांना ऐकू जायचं काही कारणच नव्हतं. पण मी सांगितलं ना, शिंप्याला तो आवाज झोपेतही कळतो. लांब होता. मी ड्रेसवर नजर लावली. पंखा नीट. काठ नीट. कुठं काही लोंबत नव्हतं. प्रज्ञाच्या चेहऱ्यावर रेघ हलली नव्हती. मला वाटलं, भास झाला असेल. मग परत एकदा आला.

माझा हात आपोआप लाल ड्रेसकडं गेला. पण नाच चालू असताना कोण कुणाला थांबवणार? आणि पोरगी तर दर आवर्तनाला आणखी खाली बसत होती.

मध्यांतरात अक्का धावत आत आल्या. मला वाटलं, त्यांनीही ऐकलं. पण त्यांचे डोळे भरले होते. "तंगी, बघितलंस? बसली! आज बसली ती!"

"ड्रेस बदलायचा काय?" मी विचारलं.

प्रज्ञा पाणी पीत होती. तिनं मान हलवली. "नको मावशी. ह्यातच."

शेवटचा तिल्लाना झाला. तो सगळ्यात जलद. टाळ्या थांबेनात. पडदा पडल्यावर मी पोरीला हाताला धरून मेकअपरूममध्ये नेलं, दार लावलं आणि ड्रेस उतरवून उलटा-सुलटा केला. सिस्टर पाठोपाठ आत आल्या.

रेशीम संपलं होतं. आसनावर, दोन्ही मांड्यांवर, मागं, जिथं जिथं घडी होती तिथं तिथं उभं फाटलं होतं. धावदोऱ्याच्या ओळींमधे नुसत्या चिरा. त्यातून आतलं सुती कापड दिसत होतं, पांढऱ्यात पांढरं, म्हणून बाहेरून कुणाला कळलं नव्हतं. वर्णमापासून त्या पोरीच्या अंगावर रेशीम होतंच कुठं? ती आईच्या ड्युटीच्या साडीवर नाचली होती.

"मला कळलं होतं, मावशी," प्रज्ञा म्हणाली. "वर्णमातच वरचं फाटलं. पण आतलं हलत नव्हतं. मग म्हटलं, बसू या."

मी सिस्टरांकडं बघायचं टाळत होते. शेवटी म्हटलं, "सिस्टर, साडी गेली हो तुमची. आता काहीच करता येणार न्हाई."

सिस्टरांनी ड्रेस मांडीवर घेतला. एका चिरेत बोट घालून बघितलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं, पण रडायला मीच लागले होते.

"अहो ताई, वीस वर्षं ट्रंकेत होती तेव्हा कुठं माझी होती?" त्या म्हणाल्या. "वर्षातनं एकदा ऊन दाखवायचं आणि परत ठेवायचं. लग्नात मी दोन तास नेसले. आज ही दोन तास नेसली. चार तास झाले की. एखाद्या साडीनं आणखी काय करायचं?"

मग त्यांनी पोरीला जवळ घेतलं, मेकअप, घाम, गजरे सगळ्यासकट, आणि मी दार उघडून बाहेर गेले.

या धंद्यात मी पुढं पंधरा-वीस वर्षं काढली. अक्कांच्या सगळ्या पोरींचे ड्रेस मग आमच्याकडंच आले, आणि सगळ्यांची मापं मी बसवून घेतली. ज्याचं माप घ्यायचं तो काम करताना कसा असतो ते आधी बघावं, आणि जुनं कापड उजेडात धरल्याशिवाय कात्री लावू नये. शिकणाऱ्या पोरींना मी एवढंच सांगत आले. दोन्ही गोष्टी मला आधीपासून माहीत असायला हव्या होत्या, हे मात्र सांगत नसे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुकानाला सुट्टी होती. मी घरची ट्रंक काढली. माझा लग्नातला शालू तळाशी, जुन्या धोतरात बांधलेला. एकदा बारशाला आणि एकदा नणंदेच्या लग्नाला, एवढाच काय तो नेसलेला. खिडकीत नेऊन उजेडात धरला. घडीवर बारीक रेघ दिसायला लागली होती.

मंगळवारी तोच नेसून कामावर गेले. मालकांनी गल्ल्यावरून चष्मा वर केला.

"देवीला निघालीस व्हय?"

"न्हाई."

"मग कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचंबी न्हाई," मी पदर खोचत म्हटलं. "बारा मावळ्यांचे अंगरखे कापायचेत."